गावच्या घरासाठी लाकडाची नवी चूल: निवडण्यापासून पहिल्या जाळापर्यंत

गावच्या घरी कायमचे राहायला येणारे, घरालगत दोन खोल्या काढून होमस्टे चालवणारे, शनिवार-रविवार शेतावर जाणारे, या सगळ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "धूर न होणारी लाकडाची चूल कुठली घेऊ?" पुण्याहून सिंधुदुर्गातल्या घरी राहायला आले तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन दुकानं, प्रदर्शनं आणि आजूबाजूची स्वयंपाकघरं पालथी घातली. एका कंपनीचं नाव सांगून उत्तर देता येत नाही, कारण एका घरात उत्तम चालणारी चूल शेजारच्या घरात पंधरा दिवसांत कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसलेली मी पाहिली आहे. चूल तीच होती. दोन्ही घरांतलं सरपण वेगळं होतं आणि रांधायचे पदार्थही वेगळे होते.

आधीच सांगते, गॅस सोडू नका. सकाळचा चहा, मुलांचा डबा, रात्री दूध तापवणं याला गॅसच बरा. आंघोळीचं पाणी, कडधान्यं, भाकऱ्या, सणासुदीचा मोठा स्वयंपाक आणि सिलिंडर संपल्यावरची सोय, एवढ्यासाठी चूल. एक हिशेब डोक्यात ठेवा: १४.२ किलोचा एक सिलिंडर जेवढं काम करतो, तेवढ्यासाठी चांगल्या चुलीत साधारण १०० किलो सुकं लाकूड लागतं आणि तीन दगडांच्या चुलीत २०० किलोच्या आसपास. हे लाकूड कोण गोळा करणार, कोण फोडणार आणि कुठे रचणार, हे घरात आधी ठरवा.

१. चूल कशासाठी हवी, ते कागदावर लिहा

आठवडाभर काय काय शिजतं आणि कुठल्या भांड्यात, याची यादी करा. यादीत आंघोळीचं पाणी असेल तर ते वेगळं काढा. लाकूड सगळ्यात जास्त खातं ते पाणी. चार माणसांसाठी ६० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर तीन दगडांच्या चुलीत साडेचार किलोच्या आसपास लाकूड जातं. त्यासाठी स्वयंपाकाची चूल वापरायची गरज नाही. मधून धुराची नळी जाणारा बंब घ्या. जुना तांब्याचा असेल तर तो कल्हईवाल्याकडून किंवा तांबटाकडून दुरुस्त करून घ्या, नसेल तर स्टीलचा मिळतो. बंबात काटक्या, नारळाची सोडणं (वरची सालं), करवंट्या, झावळीचे तुकडे असलं काहीही चालतं, आणि तो न्हाणीघराबाहेर ठेवला की धुराचा प्रश्नही निम्मा सुटतो.

आता भाकरी. बाजारातल्या बहुतेक नव्या चुली भात-आमटी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आहेत. मी पहिल्यांदा पत्र्याची रॉकेट चूल (उभ्या नळीत जाळ होणारी सुटी चूल) घरी आणली तेव्हा शेजारच्या काकींनी ती चारी बाजूंनी निरखली आणि विचारलं, "ह्या डब्यात भाकरी खंय भाजतलंस?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. मातीच्या चुलीत निखारे तोंडाशी ओढायचे आणि तव्यावरून उतरवलेली भाकरी त्यांना टेकवून उभी करायची, की ती टम्म फुगते. नव्या चुलीत निखारे आत, डब्याच्या तळाशी. भाकरी लावायला जागाच नाही.

यावर तोडगे आहेत. रॉकेट चुलीचा जाळ तव्याच्या मध्यावर बसतो, म्हणून पातळ लोखंडी तव्यावर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड बिडाचा तवा किंवा मातीचं खापर घेतलं की आच पसरते. फुगवण्यासाठी तवा उतरवून चुलीच्या तोंडावर तारेची जाळी ठेवायची. मात्र जाळ स्वच्छ, निळसर-पिवळा झाल्यावरच, नाहीतर भाकरीवर काजळी धरते. घरात रोज सात-आठ भाकऱ्या होत असतील आणि त्या निखाऱ्यावरच हव्या असतील, तर मग पुढे सांगितलेली चिमणीची पक्की चूलच घ्या. तिला निखारे ओढायला तोंड असतं आणि शेजारी वैलही (मागच्या उबेवर चालणारं दुसरं तोंड) असतो.

घावणे, आंबोळ्या आणि पोळ्यांना हीच अडचण येते, पण कमी.

पिठलं, उकड, लापशी असं जोर लावून घाटायचं काही होत असेल तर चुलीचं वजन आणि बैठक बघा. हलकी चूल पळीबरोबर फिरते. होमस्टेवाल्यांनी तर दहा-बारा माणसांचं भाताचं भांडं पाण्यासकट किती किलो भरतं ते आधी काट्यावर बघावं. घरगुती चुलीच्या खुरांवर (भांडं टेकतं त्या खुंटांवर) ते पेलणार नाही. मोठ्या भांड्यांसाठी वेगळ्या मापाच्या सामुदायिक चुली मिळतात.

२. परसात सरपण कुठलं आहे ते बघा

माझ्या मते निवडीचा कणा हाच आहे, आणि लोक नेमकं इथेच थांबत नाहीत. चूल आवडली म्हणून घेतात आणि मग तिच्यासाठी लाकूड शोधत फिरतात.

कोकणात आंबा, काजू, सुरू, आकेशिया यांच्या फांद्या, नारळाची सोडणं, करवंट्या आणि चुडतं असतात. देशावर बाभूळ, सुबाभूळ आणि उसाचं पाचट. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या). प्रत्येकाची जळण्याची तऱ्हा वेगळी.

बाभूळ, सुरू, काजूच्या जाड फांद्या मनगटाएवढ्या फोडल्या तर कुठल्याही चुलीत चालतात. पऱ्हाट्या-तुराट्या झरझर जळतात, म्हणून रॉकेट चुलीत सतत पुढे सरकवत बसावं लागतं. चुलीसमोर बसायला माणूस नसेल तर वैताग येतो. करवंट्या जोरात पेटतात आणि काजळी खूप करतात, जाळ धरायला एखाद-दुसरी ठीक. शेणी किंवा गोवऱ्यांची राख इतकी होते की बारीक जाळीच्या चुलीची हवा कोंडते. मुख्य इंधन गोवऱ्या असतील तर रॉकेट चूल घेऊ नका. पाचट सुटं जाळण्यात काही अर्थ नाही, भुर्रकन उडून जातं.

काजूबियांची टरफलं चुलीत टाकू नका. त्यातलं तेल दाहक असतं आणि धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. बिब्ब्याचं लाकूडही तसंच, त्याला हातही लावू नका. प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या, फर्निचरचे तुकडे आणि प्लॅस्टिक हे अर्थातच नाही. "पेटवायला एवढीशी पिशवी" ही सवय बहुतेक घरांत आहे, ती मोडा. त्याऐवजी सोडणाचा काथ्या, माडाची सुकी पोय (फुलोऱ्यावरचं आवरण) किंवा भेंड्याचे कपटे वापरा.

आणि ओल. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. असं एक किलो लाकूड जाळलंत तर त्यातलं अर्धा लिटर पाणी उडवण्यातच उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा खर्च होतो. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण त्या वाफेने जाळ थंड पडतो, लाकडातून निघालेला वायू न जळताच बाहेर पडतो, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. ओल्या लाकडाने जगातली कुठलीही चूल धुरकटते. दुकानदाराला दोष देण्याआधी लाकूड तपासा.

सुकलंय की नाही ते असं ओळखा: दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर सुकं, दबका आला तर ओलं. टोकाला उन्हाने तडे गेलेले दिसले पाहिजेत. खात्रीच करायची असेल तर दोन-तीन ढलप्यांचं वजन करून त्यावर खडूने लिहा, उन्हात टाका आणि आठवड्याने परत वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. फोडलेलं लाकूड अख्ख्यापेक्षा कितीतरी लवकर सुकतं, म्हणून आधी फोडा, मग रचा.

कोकणात हे सगळं आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आत झालं पाहिजे. मेअखेर मांगरात किंवा पडवीत जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर सरपण रचून झालेलं नसेल, तर पावसाळ्यात तुमची चूल धुराची आणि घर खोकल्याचं. बाहेर ताडपत्रीखाली घट्ट गुंडाळून ठेवलेलं लाकूड बुरशी धरतं. वर झाका, बाजू उघड्या ठेवा.

एक कायद्याची गोष्ट. आपल्या जागेतलं झाड म्हणून हवं तेव्हा तोडता येतं, हा गैरसमज आहे. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर अशी झाडं येतात आणि ती तोडायला परवानगी लागते. सरपणाला वाळलेल्या, मोडून पडलेल्या फांद्या आणि बागेच्या छाटणीतून निघालेला माल पुरला तर उत्तम. अख्खं झाड पाडायचं असेल तर आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारा.

३. जागा ठरवा

पडवी, मागचं दार, उघडी खोप असेल तर बिनचिमणीची सुटी चूल चालेल. बंद स्वयंपाकघरात, विशेषतः वर माळा असलेल्या घरात, चिमणीशिवाय लाकूड जाळू नका. चुलीवर काहीही छापलेलं असलं तरी. "खिडकी उघडी ठेवते की" असं म्हणून चालत नाही. वारा आत येणारा असेल तर तीच खिडकी धूर घरभर फिरवते. अगरबत्ती लावून बघा, तिचा धूर कुठे जातो ते अर्ध्या मिनिटात कळतं.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही. धगधगत्या निखाऱ्यांना धूर जवळपास नसतो, पण त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. बाळंतिणीला शेक द्यायला खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घ्यायची पद्धत अजून काही घरांत आहे. ती घातक आहे. शेक देऊन झाला की शेगडी बाहेर न्यायची, आणि शेक चालू असतानाही एक खिडकी उघडी हवी. चुलीतले उरलेले निखारे टोपल्यात घालून उबेला घरात ठेवणंही त्यातच आलं.

भाड्याचं घर असेल तर कौलांतून पाइप काढण्याआधी घरमालकाची लेखी संमती घ्या. सोसायटीच्या गॅलरीत लाकडाची चूल हा विचारच सोडून द्या.

४. प्रकार समजून घ्या

रॉकेट चूल. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या अप्रोवेचो केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. रचना इंग्रजी एल अक्षरासारखी असते: आडव्या तोंडातून काटक्या आत सारायच्या, उभ्या नळीत जाळ. लाकडाखाली एक पट्टी किंवा जाळी असते आणि तिच्याखालून हवा आत जाते. नळीच्या भोवती उष्णता धरून ठेवणारं आवरण असल्याने आतला भाग लालबुंद होतो आणि लाकडातला वायू भांड्यापर्यंत पोचण्याआधीच जळून जातो. लाकडाची फक्त टोकं जळतात. आच कमी करायची तर लाकूड मागे ओढायचं. शिकायला सगळ्यात सोपी आणि सुटी हलवता येते. तोंड लहान असतं, म्हणून लाकूड बारीक फोडावंच लागतं.

गॅसिफायर किंवा पंख्याची चूल. लाकडाचे बोटभर तुकडे डब्यात भरायचे आणि वरून पेटवायचं. जाळ वरून खाली उतरत जातो, खालून थोडी हवा लाकडाचा वायू करते आणि वरच्या भोकांतून येणारी हवा तो वायू जाळते. जमलं तर जाळ गॅससारखा दिसतो आणि शेवटी कोळसा उरतो. पंखा असेल तर आणखी स्वच्छ. अडचणी दोन. भरलेलं लाकूड संपेपर्यंत मध्येच भर घालता येत नाही, घातली की धूर होतो. आणि पंख्याला वीज लागते. पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाणाऱ्या गावात बॅटरी किती चालते आणि पंखा बिघडल्यावर बदलून कोण देणार, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. फक्त तयार गोळ्यांवर, म्हणजे पेलेट्सवर चालणारी चूल घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या महाग झाल्या किंवा यायच्या थांबल्या, की ती शोभेची वस्तू होते.

चिमणीची पक्की चूल. आपल्याकडे हिचा इतिहास मोठा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडली, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अस्त्र या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या गटाने तीन भांड्यांची चूल केली, आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साच्यातून काढलेली दोन भांड्यांची लक्ष्मी चूल महाराष्ट्रात याच काळात घरोघर पोचली. तुमच्या जुन्या घरातही तिचे अवशेष सापडतील: भिंतीतून गेलेला पाइप आणि त्याखाली फोडून रुंद केलेलं तोंड. अशा चुली बंद पडण्याची कारणं विचाराल तर बायका दोनच सांगतात. पाइप काजळीने तुंबला आणि तो साफ कुणी केला नाही. लाकूड जाड होतं म्हणून तोंड मोठं केलं, मग चूल धूर वर ओढेनाशी झाली. दोन्ही टाळता येतात. पहिल्या भांड्याखाली जाळ, दुसऱ्याखाली उरलेली ऊब, भाकरीला तोंडाशी निखारे आणि धूर घराबाहेर. कायम राहणाऱ्या कुटुंबासाठी मला हीच सगळ्यांत पटते.

५. कागदपत्रं आणि डब्यावरचे आकडे

लाकूड जाळणाऱ्या सुट्या चुलींसाठी भारतीय मानक आहे: आयएस १३१५२, भाग १, सन २०१३. त्यात घरगुती चुलींना अशा अटी आहेत:

– पंख्याशिवाय चालणारी: कार्यक्षमता (लाकडाच्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा हिस्सा) किमान २५ टक्के, भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड ५ ग्रॅमपर्यंत, धुरातले कण ३५० मिलिग्रॅमपर्यंत.
– पंख्याची: कार्यक्षमता किमान ३५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड तेवढाच, कण १५० मिलिग्रॅमपर्यंत.

डब्यावर फक्त "८० टक्के धूर कमी" असं असेल तर कशापेक्षा कमी ते विचारा. उत्तर बहुधा येत नाही. हे आकडे प्रयोगशाळेत, सुक्या आणि मापात कापलेल्या लाकडावर येतात हेही विसरू नका.

दुकानातून येताना बरोबर हवं:
– मॉडेलचं नाव आणि जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल
– शिक्का मारलेलं हमीपत्र, ज्यात आतली नळी आणि जाळी यांची हमी वेगळी लिहिलेली असेल (आधी जळतात त्या याच)
– मान्यताप्राप्त केंद्राच्या चाचणी अहवालाची प्रत, निदान तिचा फोटो
– सुटे भाग कुठे मिळतात त्याचा पत्ता

चूल फुकट किंवा नाममात्र किमतीत वाटणारे लोक गावात येतात. त्यात वाईट काही नाही, बऱ्याचदा चूल चांगली असते. पण आधारची प्रत आणि सही घेतात तो कागद वाचा. अनेकदा तो कार्बन क्रेडिटचा करार असतो: तुमच्या घरात वाचलेल्या धुराचे हक्क तुम्ही त्या संस्थेला देता, आणि तपासणीला माणसं घरी येतील हेही मान्य करता. पटलं तर सही करा. कागद मराठीत मागा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

६. दुकानात घरची भांडी घेऊन जा

लाज वाटायचं कारण नाही. रोजचं भाताचं भांडं, कढई आणि तवा पिशवीत घालून न्या.

भांडं ठेवून पळीने घाटल्यासारखं हलवा. चूल सरकते का, डुगडुगते का बघा. गोल बुडाची कढई खुरांत बसते का? भांड्याचं बूड आणि नळीचं तोंड यांच्यात करंगळी जाईल एवढी फट हवी. फटच नसेल तर जाळ कोंडतो आणि धूर लाकडाच्या तोंडातून उलटा येतो. खूप मोठी असेल तर उष्णता बाजूने उडून जाते. तोंडात तुमच्या सरपणाच्या जाडीची ढलपी घालून बघा. राख काढायला चूल उलटी करावी लागते की खालून कप्पा निघतो? कडा हाताने चाचपा, पत्र्याची धार राहिलेली असेल तर रोज हात कापेल. घरात रांगतं मूल असेल तर पेटवलेली चूल दाखवायला सांगा आणि बाहेरचा पत्रा किती तापतो ते जवळ हात नेऊन बघा.

घरी लागणारी हत्यारं: कोयती, लहान कुऱ्हाड, ढलप्या फोडायला लाकडी ठोकळा, चिमटा, फुंकणी, राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि वजनकाटा. चिमणी असेल तर लांब काठीला बांधलेला तारेचा ब्रश.

७. बसवणं

सुटी चूल सपाट फरशीवर किंवा विटांच्या ओट्यावर ठेवा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर खाली एक विटांचा थर द्या. उभ्याने काम करायची सवय असेल तर ओट्याची उंची अशी ठेवा की भांड्यात डोकावायला टाचा उचलाव्या लागणार नाहीत.

चिमणीच्या पक्क्या चुलीसाठी ती घालणारा अनुभवी माणूस शोधा. गवंडी कितीही चांगला असला तरी चुलीतल्या वाटांची मापं चुकली की ती ओढत नाही. पाइप तीन-चार इंची, सरळ उभा, कमीत कमी वळणांचा आणि कौलांच्या वर किमान दोन फूट. वर टोपी, नाहीतर पाऊस थेट चुलीत. पाइप वासे-रिपांपासून वीतभर दूर असावा. कौल काढलेल्या जागी पत्र्याची कॉलर बसवा, लाकडाला पाइप टेकू देऊ नका. गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर असेल तर पाइप छपरातून काढूच नका, भिंतीतून बाहेर काढून छपरापासून लांब उभा करा. जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप पडलेला असेल तर तो कापू नका, ती धूळ छातीला वाईट. पत्र्याचा नवा घ्या.

मातीची किंवा सिमेंटची चूल पुरती वाळल्याशिवाय मोठा जाळ घालू नका. सुरुवातीचे काही दिवस थोड्या काटक्यांचा मंद जाळ. घाई केली की तडे.

८. पहिला जाळ आणि घरची चाचणी

रॉकेट चुलीत बारीक काटक्या पट्टीच्या वर ठेवा, खालची हवेची वाट मोकळी. तोंड लाकडाने गच्च भरणं ही नव्या माणसाची हटकून होणारी चूक. निम्मं तोंड रिकामं हवं. पहिली पाच-दहा मिनिटं थोडा धूर होणारच, आतली नळी तापली की तो जातो. गॅसिफायरमध्ये तुकडे वरच्या भोकांच्या खालीपर्यंतच भरा आणि वरच्या थरावर काथ्या ठेवून पेटवा. फुंकणी कमी वापरा. सारखी फुंकावी लागत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवेची वाट बंद आहे.

मग ही चाचणी करा. एक किलो सुकं लाकूड तोलून घ्या. झाकणाच्या भांड्यात पाच लिटर पाणी उकळवा. उकळी फुटल्याबरोबर लाकूड बाहेर ओढून विझवा आणि उरलेलं तोला. चांगल्या चुलीत ४०० ग्रॅमच्या आसपास जळलेलं असेल, तीन दगडांच्या चुलीत ८०० ग्रॅम किंवा जास्त. नवी चूलही ७०० ग्रॅम खात असेल तर लाकूड बदलून परत करून बघा. तरीही तेवढंच आलं तर हमीची मुदत संपायच्या आत दुकानात जा. भांड्याचं बूड बघायला विसरू नका. कोरडी, पुसली जाणारी काजळी चालेल. चिकट डांबरासारखी असेल तर आत अर्धवट जळतंय.

९. देखभाल, आणि बिघडलं तर

राख रोज काढा, पण रात्रभर झाकणाच्या डब्यात ठेवून मगच टाका. वरून विझलेल्या राखेत सकाळपर्यंत निखारा असतो, आणि ती पाचोळ्याच्या ढिगावर टाकली की काय होतं ते सांगायला नको. गार राख माडाच्या आळ्यात जाते, भांडी घासायला लागते. चिमणी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा, गणपतीच्या आधी तर नक्कीच. जाळी वाकली किंवा पातळ झाली की लगेच बदला. तशीच चालवलीत तर राख साचून हवा बंद होते आणि मग आतली नळी जळते. पत्र्याची चूल पावसाळ्यात पडवीच्या कडेला ठेवू नका, एका हंगामात गंजते.

काही बिघडलं तर या क्रमाने बघा:

– तोंडातून धूर उलटा येतोय: राख काढा, मग भांड्याखालची फट बघा, मग चिमणी.
– जाळ पिवळा आणि लांब, भांडं काळं: लाकूड जास्त भरलंय, दोन ढलप्या बाहेर ओढा.
– जाळ लागतच नाही, लाकडाच्या मागच्या टोकाला पाण्याचे थेंब सुटतायत: लाकूड ओलं, परत उन्हात.
– वारा सुटला की धूर घरात: चिमणीची टोपी किंवा उंची. एक पाइप वाढवून बघा.
– पंखा फिरतोय पण जाळ मरतोय: हवेच्या भोकांत राख. ब्रशने साफ करा, पाण्याने धुऊ नका.
– पंखाच बंद: चूल बाहेर अंगणात न्या आणि आतलं लाकूड तिथेच जळून जाऊ द्या.